८० की १००? लिनक्स कर्नलमधल्या ओळीच्या लांबीच्या वादाचं पूर्ण प्रकरण

२९ मे २०२० ला लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मुख्य ट्रीमधे, म्हणजे मुख्य सोर्स कोडमधे, एक कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, गेला. बदल फक्त दोन फाइल्समधे होता, एक कोडिंग स्टाइलचं डॉक्युमेंट आणि दुसरी चेकपॅच नावाची पर्ल स्क्रिप्ट. लिहिला होता चेकपॅच सांभाळणाऱ्या जो पर्चेस यांनी, आणि घेतला थेट लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनी. दोन दिवसांनी, ३१ मेला, कर्नलची ५.७ आवृत्ती रिलीज झाली तेव्हा तो त्यात होता. लगेच सगळीकडे चर्चा सुरू झाली की लिनक्सनी ओळीची ८० कॉलमची, म्हणजे ८० अक्षरांची, मर्यादा काढून टाकली, आता कितीही लांब लिहा, जुन्या लोकांचा हट्ट संपला वगैरे. तसं काही झालेलं नाही, आणि नेमकं काय झालं ते नीट बघितलं तर आपल्या रोजच्या टीममधल्या वादांबद्दल त्यातून बरंच कळतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे वाचताना गोंधळ नको. ओळ किती लांब असावी हा वाद आपण स्क्रीनच्या रुंदीवरून घालतो आणि तिथेच चुकतो. खरा प्रश्न असतो की तो कोड नंतर कोण वाचणार, कशानी शोधणार, त्याचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) कसा दिसणार, आणि टूलनी दिलेली वॉर्निंग हा शेवटचा शब्द असणार की माणसाचा. कर्नलमधे २०२० साली जे बदललं ते हेच शेवटचं.

८० आलं कुठून

हे थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना माहीत असतं. १९२८ मधे आयबीएमनी ८० कॉलमचं पंच कार्ड आणलं आणि तो आकडा पुढे चिकटून राहिला. फोरट्रानचा कोड पहिल्या ७२ कॉलममधे लिहायचा आणि शेवटचे ८ कॉलम कार्डांच्या क्रमांकासाठी, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तरी परत लावता यावा. मग टर्मिनल आली, डेक कंपनीचं व्हीटी१०० १९७८ मधलं, ८० बाय २४. त्याला १३२ कॉलमचा मोडसुद्धा होता पण सवय ८० चीच लागली. लिनक्स १९९१ ला सुरू झालं तेव्हा घरातल्या पीसीचा टेक्स्ट मोडही ८० बाय २५ च होता, त्यामुळे तेव्हा कोणाला हा नियम जाचक वाटायचं कारणच नव्हतं.

कर्नलचं कोडिंग स्टाइलचं डॉक्युमेंट मुळात टोरवाल्ड्सनी लिहिलेलं आहे आणि त्यातला सगळ्यात ठाम नियम ओळीच्या लांबीचा नाहीच, तो टॅबचा आहे. टॅब ८ अक्षरांचा, इंडेंटेशन (ओळ आत सरकवणं) ८ अक्षरांचं, ४ किंवा २ करू बघणाऱ्यांना तिथे गणितातल्या पायची (π) किंमत ३ ठरवायला निघालेल्यांच्या रांगेत बसवलंय. आणि कोणी म्हणालं की ८ मुळे कोड फार उजवीकडे सरकतो, तर उत्तर असं की ३ पेक्षा जास्त लेव्हल लागत असतील तर तुमचा प्रोग्रॅमच दुरुस्त करा. हे दोन नियम, ८ चा टॅब आणि ८० चा कॉलम, एकत्र वाचले तरच पुढचा सगळा त्रास समजतो.

हिशोब

जरा आकडे मांडू. फंक्शनच्या आत आलात की ८ कॉलम गेले. त्यात एक फॉर लूप, १६. लूपमधे एक इफ, २४. ही डॉक्युमेंटनीच मान्य केलेली तिसरी लेव्हल, म्हणजे तुम्ही काहीही वाकडं केलेलं नाहीये. आता उरले ५६ कॉलम. रिटर्न व्हॅल्यू ठेवायला तीन अक्षरी व्हेरिएबल, स्पेस, बरोबरचं चिन्ह, परत स्पेस, ही ६. उरले ५०. फंक्शनचं नाव समजा २८ अक्षरांचं, आजच्या कर्नलमधे हे काही विशेष नाही, कारण सी मधे नेमस्पेस नाहीत, त्यामुळे सबसिस्टिमचं नाव, मग ड्रायव्हरचं नाव, मग क्रिया, असं सगळं नावातच भरावं लागतं. त्यात एक उघडा कंस. उरले २१. या २१ मधे दोन छोटी अर्ग्युमेंट्स, मधला कॉमा, बंद कंस आणि सेमीकोलन कसंबसं बसतं. तिसरं अर्ग्युमेंट आलं की ओळ तोडा.

तोडली तर पुढची ओळ कुठून सुरू करणार? प्रचलित पद्धत अशी की उघड्या कंसाच्या बरोबर खाली लावायची. म्हणजे पुढच्या ओळीलाही तेच २१ कॉलम. डावीकडे ५९ कॉलम रिकामे आणि उजव्या कडेला एक बारीकशी पट्टी, त्यात एकेक अर्ग्युमेंट खाली खाली उतरत जातंय. कर्नलचे जुने ड्रायव्हर उघडून बघा, अशी पानंच्या पानं सापडतील. यात सोपं काय झालं कोणाला? स्क्रीन उजवीकडे स्क्रोल करायला नको म्हणून आता खाली स्क्रोल करा.

आणि लोक यातून वाट कशी काढायचे, तर खरं म्हणजे फंक्शन फोडून लहान करायला हवं, नियमाचा मूळ हेतूच तो. पण तसं कमी जण करतात कारण त्याला विचार लागतो, टेस्टिंग लागतं. सोपी वाट म्हणजे नाव छोटं करा, किंवा बरोबरच्या चिन्हानंतर ओळ तोडा, किंवा मधेच एक टेम्पररी व्हेरिएबल घुसवा ज्याचा दुसरा काहीही उपयोग नाही. मला या नियमातली मोठी खोट हीच वाटते. कॉलम मोजणारं टूल दोन वेगळ्या गोष्टी एकत्रच मोजतं, कोड किती खोल गेलाय ते आणि नावं किती लांब आहेत ते. खोल गेलेला कोड वाईट असू शकतो, लांब स्पष्ट नाव बहुतेक वेळा चांगलं असतं, आणि दंड मात्र दोघांना सारखाच.

चेकपॅचचा दरारा

चेकपॅच म्हणजे कर्नलचा पॅच (सुचवलेला बदल) पाठवण्याआधी चालवायची स्क्रिप्ट. स्पेस कुठे, कंस कुठे, ओळीच्या शेवटी उगाच मोकळी जागा राहिलीय का, सही आहे का, असं सगळं तपासते आणि वॉर्निंग देते. पॅच कसा पाठवावा हे सांगणाऱ्या डॉक्युमेंटमधे स्पष्ट लिहिलंय की हे टूल मार्गदर्शक म्हणून बघा, माणसाच्या निर्णयाला पर्याय म्हणून नको, नियम मोडून कोड जास्त चांगला दिसत असेल तर तसाच राहू द्या.

कागदावर हे असं. प्रत्यक्षात ज्या माणसानी पहिला पॅच पाठवलाय, ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्या टर्मिनलवर वॉर्निंग आली की ती त्याच्यासाठी कायदाच. तो कशाला वाद घालेल मेंटेनरशी, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याशी? मुकाट्यानी ओळ तोडेल आणि पाठवेल. आणि मेंटेनरलाही रोजचे ढीगभर पॅच बघायचे असतात, त्यालाही शून्य वॉर्निंग दिसली की बरं वाटतं. असं करत करत जो नियम डॉक्युमेंटमधे पसंती म्हणून होता तो व्यवहारात सक्ती झाला, आणि हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं.

दुसरा परिणाम आणखी मोठा. चेकपॅच आख्ख्या फाइलवरही चालवता येतं, नुसत्या पॅचवर नाही. मग जुनी फाइल घ्या, टूल चालवा, ८० च्या वर गेलेल्या ओळी शोधा, तोडा, पॅच पाठवा. स्टेजिंगमधल्या, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, ड्रायव्हर्सवर असे पॅच वर्षानुवर्षं येत राहिले. आपल्याकडच्या कॉलेजमधल्या मुलामुलींनासुद्धा कर्नलमधला पहिला पॅच म्हणून असाच काहीतरी बदल सुचवला जातो, आणि स्टेजिंगपुरतं ते ठीकच आहे, ती जागाच शिकण्यासाठी आहे, मेल कसा पाठवायचा, दुसरी आवृत्ती कशी काढायची हे तिथे कळतं. पण तेच चालू असलेल्या, स्थिर ड्रायव्हरमधे केलं की उपद्रव होतो. ओळीचा इतिहास बघायला गेलात तर बग कोणी आणला ते दिसायच्या ऐवजी ओळ कोणी तोडली ते दिसतं, आणि जुन्या स्टेबल ब्रांचवर (फक्त दुरुस्त्या मिळणाऱ्या जुन्या आवृत्तीवर) फिक्स न्यायचा तर आजूबाजूच्या ओळी जुळत नाहीत म्हणून पॅच लागतच नाही.

मे २०२० मधे काय झालं

वाद सुरू झाला तो एका भलत्याच पॅचमालिकेवरून. कर्नलच्या आतून फाइल वाचायच्या-लिहायच्या काही फंक्शन्सची साफसफाई चालली होती, त्यातल्या ओळी कशा तोडल्यात यावर बोलणं निघालं. पर्चेस यांचा मुद्दा होता की आताशा नावंच इतकी लांब झालीत की ८० ची कडक मर्यादा नीट चालत नाही. टोरवाल्ड्सनी त्यावर मोठं उत्तर लिहिलं, त्याचा सारांश असा की उगाच ओळी तोडणं हे नुसतं कुरूप नाही, त्यानी रोज खरा त्रास होतो, ८० कॉलमची टर्मिनल ही आता कित्येक दशकं मागे पडलेली गोष्ट आहे, आणि ज्यांना अजूनही तेवढीच खिडकी ठेवायची आहे त्यांनी खुशाल ठेवावी, ओळ वळून खाली आली तर ती त्यांची निवड, बाकीच्यांनी त्यासाठी कोड का बिघडवायचा.

त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा ग्रेपचा, म्हणजे फाइल्समधे मजकूर शोधणाऱ्या टूलचा, होता, आणि मला तो शंभर टक्के पटतो. ग्रेप आणि युनिक्सची बरीचशी जुनी टूल्स ओळीवर चालतात. एक ओळ म्हणजे एक नोंद. आता उदाहरण घ्या. कर्नलमधे मेमरी मागायला केमॅलॉक वापरतात, आणि इंटरप्टच्या आत असाल, म्हणजे झोपायची परवानगी नसेल, तर त्याला जीएफपी अॅटॉमिक हा फ्लॅग द्यावा लागतो. एखाद्या ड्रायव्हरमधे हा फ्लॅग कुठे कुठे दिलाय ते बघायचं तर साधा पॅटर्न, आधी केमॅलॉक, मधे काहीही, मग जीएफपी अॅटॉमिक. सगळा कॉल एका ओळीत असेल तर पटकन यादी मिळते, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांकासकट. पण साइज काढायचं गणित लांब होतं म्हणून कोणीतरी फ्लॅग खालच्या ओळीवर ढकलला असेल तर? ग्रेप गप्प. एररसुद्धा देत नाही, फक्त ती जागा यादीत येत नाही, आणि तुम्ही समजता की सगळं तपासून झालं. हे मला घातक वाटतं. कोणी म्हणेल ग्रेप कशाला, कॉक्सिनेल वापरा, सीस्कोप वापरा, ते कोडची रचना समजतात. बरोबर आहे, मोठ्या बदलासाठी तेच वापरावं. पण रात्री मशीन पडलंय, सर्व्हरवर फक्त सोर्स आहे, तेव्हा हाताशी ग्रेपच असतो.

याच कारणानी एका बाबतीत नियमात आधीपासून सूट होती. युजरला दिसणारा मेसेज, म्हणजे प्रिंटकेमधली स्ट्रिंग, कधीच तोडायची नाही, मग ती कितीही लांब जावो. कारण लॉगमधला मेसेज जसाच्या तसा कॉपी करून सोर्समधे शोधता यायला हवा. म्हणजे शोधता येणं हे ८० पेक्षा महत्त्वाचं हे तत्त्व कर्नलनी आधीच मान्य केलेलं होतं, फक्त स्ट्रिंगपुरतं. २०२० मधे तेच बाकीच्या कोडलाही लागू झालं, असं मी बघतो.

आता कमिट उघडून बघू, कारण गंमत तिथे आहे. डॉक्युमेंटमधे आधी होतं की ओळीची मर्यादा ८० कॉलम आहे आणि ती अगदी आग्रहाची आहे. नंतर झालं की एका ओळीची पसंतीची मर्यादा ८० कॉलम आहे. आधी होतं की त्याहून लांब स्टेटमेंट्स तोडली जातील. नंतर झालं की तोडावीत. आणि वाचनीयता खूप वाढत असेल आणि माहिती लपत नसेल तर ओलांडा, ही सवलत आधीही होती आणि नंतरही आहे. म्हणजे शब्दात बघितलं तर फरक किरकोळ. खरा फरक पर्ल स्क्रिप्टमधे, तिथे डीफॉल्ट मर्यादा ८० ची १०० झाली. आणि कमिटमधे लिहिलंय की १०० ही काही नवी पक्की मर्यादा नाही, फक्त तिथवर पोचलात म्हणजे काय चाललंय असं विचारायची वेळ आली एवढंच, ८० मधे राहणं अजूनही पसंतच आहे.

तिसरा बदल छोटा आहे, त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही, पण माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा तोच. आख्ख्या फाइलवर चेकपॅच चालवलं तर लांब ओळीची वॉर्निंग आता येतच नाही, स्ट्रिक्टचा पर्याय मुद्दाम दिला तरच येते. म्हणजे नवीन कोड लिहिताना टूल तुम्हाला टोकेल, पण जुना कोड उकरायला कोणाला निमित्त देणार नाही. नियम नव्या कामाला लावा, जुन्यावर मागे जाऊन नको, हे नुसतं उपदेशात न सांगता टूलच्या वागण्यातच बसवलं.

दुसऱ्या बाजूचं ऐकून घ्या

८० च्या बाजूनी बोलणारे लोक हट्टी म्हणून सोडून देणं मला पटत नाही, त्यांचे काही मुद्दे भक्कम आहेत. कर्नलचा रिव्ह्यू मेलवर होतो. पॅचमधे प्रत्येक नव्या ओळीच्या आधी अधिकचं चिन्ह लागतं, म्हणजे एक कॉलम गेला. कोणी उत्तर दिलं की पुढे कोटचं चिन्ह आणि स्पेस, त्यावर कोणी उत्तर दिलं की अजून एक. चर्चा चार पायऱ्या खाली गेली की ८० ची ओळ ८५ च्या पुढे जाते, १०० च्या ओळीचं काय होईल ते बघा, आणि मेल क्लायंटनी ती ओळ मधेच तोडली तर पॅचच बिघडतो. वेब इंटरफेसवर रिव्ह्यू करणाऱ्यांना हे जाणवत नाही.

दुसरा मुद्दा शेजारी शेजारी फाइल्स उघडण्याचा. मोठा मॉनिटर आहे म्हणून लांब ओळी लिहा असं जे म्हणतात ते विसरतात की बरेच जण त्याच मॉनिटरवर ८० चे दोन-तीन कॉलम लावून बसलेले असतात, एकात हेडर, एकात सी फाइल, एकात डिफ. रुंदी वाढली ती एका ओळीसाठी नाही, जास्त फाइल्स एकदम दिसाव्यात म्हणून. आणि ज्यांना दिसायला त्रास होतो, फॉन्ट मोठा ठेवावा लागतो, त्यांच्यासाठी ८० आणि १०० मधला फरक रोजचा आहे. वय वाढेल तसे आपणही त्यात जाणार आहोत.

तिसरा मुद्दा डिफचा, आणि इथे दोन्ही बाजूंना थोडं थोडं मिळतं. सहा अर्ग्युमेंट्सचा कॉल एका लांब ओळीत असेल आणि त्यातलं एकच बदललं तर डिफमधे पूर्ण ओळ बदललेली दिसते, नेमकं काय बदललं ते डोळ्यांनी शोधत बसा. एका ओळीत एक अर्ग्युमेंट असेल तर नेमकी तीच ओळ दिसते. पण कंसाखाली रांगेत लावायची पद्धत असेल तर उलटं होतं, फंक्शनचं नाव दोन अक्षरांनी बदललं की खालच्या सगळ्या ओळी सरकवाव्या लागतात, डिफ एका ओळीचा चार ओळींचा होतो आणि त्या चारही ओळींचा इतिहास नाव बदलणाऱ्याच्या नावावर लागतो. त्यामुळे नुसती लांबी ठरवून भागत नाही, तोडलेली ओळ कुठे लावायची हेही ठरवावं लागतं, आणि गंमत म्हणजे या दुसऱ्या प्रश्नावर कोणी भांडत नाही.

फॉर्मॅटर लावून मोकळं का होत नाहीत

फॉर्मॅटर म्हणजे कोड आपोआप एका ठरलेल्या पद्धतीत लावून देणारं टूल. हा प्रश्न पायथन, गो वाले हमखास विचारतात. गो मधे गोएफएमटी आहे, सगळ्यांचा कोड एकसारखा, वादच नाही. पण लक्षात घ्या, गोएफएमटी लांब ओळ तोडत नाही, गो मधे ओळीच्या लांबीची ठरावीक मर्यादाच नाही, तो निर्णय माणसावरच सोडलाय. पायथनमधे पेप ८ हे स्टाइलचं डॉक्युमेंट म्हणतं ७९, डॉकस्ट्रिंग आणि कॉमेंटला ७२, आणि टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जा. मग २०१८ मधे ब्लॅक नावाचं फॉर्मॅटर टूल आलं, त्यानी ८८ धरलं आणि फारसे पर्यायच ठेवले नाहीत.

पायथनमधल्या जँगो या वेब फ्रेमवर्कचं उदाहरण इथे चांगलं आहे. त्यांच्याकडे ११९ पर्यंत सूट होती कारण गिटहबच्या रिव्ह्यूमधे तेवढं दिसायचं. २०१९ मधे ब्लॅक लावायचा प्रस्ताव आला, मान्य झाला, पण ब्लॅक बीटामधे होतं म्हणून थांबले. जानेवारी २०२२ मधे ब्लॅकची पहिली स्टेबल आवृत्ती आली आणि फेब्रुवारीत एका फटक्यात सगळा कोड फॉर्मॅट केला, मर्यादा ८८. इतिहास बिघडू नये म्हणून तो कमिट ब्लेममधून (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीतून) वगळायच्या यादीत टाकला, ही सोय गिटमधे २.२३ पासून, म्हणजे ऑगस्ट २०१९ पासून आहे. मला हे काम फार नीट केलेलं वाटतं, विशेषतः तो थांबण्याचा निर्णय. टूलच दर दोन महिन्यांनी स्टाइल बदलत असेल तर कोड परत परत हलतो, आणि मग जो वाद संपवायला टूल आणलं तोच परत सुरू.

कर्नलला हे जमणारं नव्हतं. अडीच कोटींहून जास्त ओळी, शेकडो मेंटेनर, प्रत्येकाची वेगळी ट्री, आणि एकाच वेळी चालू असलेल्या कितीतरी जुन्या स्टेबल आवृत्त्या, ज्यांच्यावर सिक्युरिटी फिक्स मागे न्यावे लागतात. एका फटक्यात सगळं फॉर्मॅट केलं तर त्यानंतरचा प्रत्येक फिक्स जुन्या ब्रांचवर हातानी जुळवावा लागेल. क्लँगफॉरमॅट या सी साठीच्या फॉर्मॅटरची कॉन्फिग फाइल २०१८ पासून, कर्नल ४.१७ पासून, ट्रीमधे आहे पण वापरणं ऐच्छिक, आणि तिच्यातली कॉलम मर्यादा या सगळ्यानंतरही ८० च राहिली.

आपल्या इथल्या टीम्सना हे सगळं सरळ उचलता येत नाही, कारण आपली अडचण बहुतेक वेळा उलटी असते. कोड लहान, माणसं वीस-पंचवीस, स्टेबल ब्रांच एखादी, आणि तरी पुल रिक्वेस्टमधल्या निम्म्या कॉमेंट्स ओळ इथे तोड तिथे तोड अशा. तिथे मी म्हणेन सरळ फॉर्मॅटर लावा, कॉन्फिग रेपोमधे टाका, सीआयमधे (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तपासा, आणि त्यानंतर रिव्ह्यूमधे फॉर्मॅटबद्दल बोलायचंच नाही असं सीनियरनी सांगून टाकावं. आकडा ८८ घ्या, १०० घ्या, १२० घ्या, त्यात दोन दिवस घालवू नका. पण हे करताना ज्युनिअरचा विचार करा, कारण फॉर्मॅटच्या कॉमेंटचा मार त्यांनाच जास्त बसतो. नव्या मुलीनी आठवडाभर खपून लॉजिक लिहिलं, आणि तिला पहिली प्रतिक्रिया काय मिळते तर ओळ ८२ आहे. त्या लॉजिकमधे रेस कंडिशन (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमामुळे होणारा बग) आहे का हे कोणी बघितलंच नाही. स्टाइलच्या वादाचं खरं नुकसान मला इथे दिसतं, रिव्ह्यू करणाऱ्याचं लक्ष मोजकंच असतं आणि ते सोप्या गोष्टीवर खर्च होऊन जातं.

पुढे काय झालं

२०२० नंतर कर्नल एकसारखं झालं का? नाही. उलट सबसिस्टिमनुसार फरक जास्त स्पष्ट झाले, आणि मला वाटतं ते बरंच झालं, कारण आता ते लिहिलेले तरी आहेत. एक्स८६, शेड्युलर, टायमर वगैरे ज्या टिप ट्रीमधून जातात तिच्या मार्गदर्शिकेत लिहिलंय की ८० नी खोल गेलेला कोड वाचायला अवघड होतो, हेल्पर फंक्शन काढायचा विचार करा, नियम कडक नाही, तारतम्य वापरा. नेटवर्किंगवाल्यांनी मात्र ८० सोडलं नाही. त्यांची आपोआप चालणारी तपासणी चेकपॅचला ८० ची मर्यादा स्वतंत्रपणे देते, शिवाय लोकल व्हेरिएबल्स लांब ओळीकडून छोट्या ओळीकडे उतरत्या क्रमानी लावायचा त्यांचा वेगळा नियम आहे, उलट्या ख्रिसमस ट्रीसारखा. बाहेरून आलेल्याला हे विचित्र वाटतं. पण एका फाइलमधे गेलात की सगळं एका पद्धतीनी दिसतं, आणि वाचणारा एका वेळी एकच सबसिस्टिम वाचत असतो, त्यामुळे एकसारखेपणा तेवढ्या परिघात असला तरी भागतं. आख्ख्या ट्रीत तो आणायचा अट्टहास मला तरी गरजेचा वाटत नाही.

मग कर्नल ६.१ मधे, डिसेंबर २०२२ ला, रस्ट या भाषेचा सपोर्ट आला. रस्टचा कोड रस्टएफएमटीनी फॉर्मॅट करायचा, तोही डीफॉल्ट सेटिंगनी, म्हणजे ४ स्पेसचं इंडेंटेशन आणि १०० कॉलम. ज्या ट्रीच्या डॉक्युमेंटमधे ४ चं इंडेंटेशन पाखंड ठरवलंय त्याच ट्रीमधे आता ४ स्पेसचा कोड आहे, आणि तिथे स्टाइलवरून वाद फारसा झाला नाही कारण पहिल्या दिवसापासून टूल ठरलेलं होतं, जुना इतिहास नव्हता, मागे न्यायचे फिक्स नव्हते. जिथे सुरुवात कोरी आहे तिथे फॉर्मॅटर, जिथे तीस वर्षांचा कोड आहे तिथे सूचना देणारं टूल आणि माणसाचा निर्णय, अशा दोन्ही पद्धती आज शेजारी शेजारी चालतात.

कोणाला यातून कर्नलला पॅच पाठवायची इच्छा झाली तर आत्ताची परिस्थिती अशी: सी मधे लिहिताना ८० च्या आत राहायचा प्रयत्न करा, तोडल्यानी वाचायला किंवा शोधायला त्रास होत असेल तर १०० पर्यंत जा, मेसेजची स्ट्रिंग तोडू नका, आणि कमिटचं वर्णन मात्र ७५ च्या आत ठेवा, चेकपॅच तिथे अजूनही टोकतं. नेटवर्किंगकडे पाठवणार असाल तर चेकपॅच चालवताना मर्यादा ८० देऊनच चालवा. आणि नुसत्या लांब ओळी तोडणारा पॅच तिथे पाठवू नका, फक्त चेकपॅचच्या वॉर्निंग घालवण्यासाठी केलेली साफसफाई त्यांना नकोय असं त्यांच्या डॉक्युमेंटमधे लिहिलेलं आहे, मात्र स्पेलिंग किंवा व्याकरणाची दुरुस्ती पाठवायला त्यांची ना नाही.